परतूर रोडवरची लाट

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसाच्या मागं लोकांना तारखा सापडत न्हाईत, मंग कुणीही उठून काहीही सांगतं. माझ्या बाबतीत ते नको. वही कुणाला दाखवायची न्हाई. बायकोला, प्रीतीला, तर बिलकुल न्हाई.

नोंद: मी धम्मपाल, वय एक्केचाळीस, एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत लॅबला. ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळायचे, पाचव्या दिवशी उघडायचे, किती उगवले मोजायचं. नव्वद उगवले की लॉट पास. हे पोटासाठी. खरं काम समुद्राचं.

अंदमानातल्या एका बेटावर सर्फिंगवाल्यांचा, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून येणाऱ्यांचा, व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एका व्हिडिओखाली लिंक होती. दाबली, घेतलं त्यांनी. दीड वर्ष झालं. रोज दहाला मी तिथं उद्याच्या लाटांचा अंदाज टाकतो. चार ॲप पाहतो, सरासरी काढतो आणि अनुभवानं थोडं कमी करतो. ॲप म्हणलं दीड मीटर की मी सव्वा म्हणतो. कधी तीन अंगठे येतात, कधी चार. मीना म्हणजे तिथली कोच, ग्रुपची ॲडमिन. ती एकदा 'थँक्स भाई' म्हणाली. बेटावरचे लोक समुद्राच्या फार जवळ राहतात, त्यांना सगळं चित्र दिसत न्हाई.

समुद्र मी पाह्यलेला आहे. सहा डिसेंबरला दादरला गेल्तो तेव्हा, रांगेतून. डाव्या बाजूला होता.

संकल्प: एक, सर्फिंग शिकणं. दोन, पोहणं शिकणं. प्रीती म्हणती क्रम उलटा पाहिजे. ती झेडपीच्या शाळेवर आहे, तिला सगळं पहिलीपासून लागतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

लॅब सुटल्यावर सहाला नोमानकडं. जुन्या जालन्यात त्याचं कुशनचं दुकान, मोटरसायकलच्या आणि टेम्पोच्या सीटा शिवतो. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. रोजचा त्याचा पहिला सवाल ठरलेला, आज समंदर काय बोलतो. मी बाहेरच्या स्टुलावर बसून सांगतो, तो सुई चालवत ऐकतो. गिऱ्हाईक बसलेलं असलं तर त्यालाही ऐकावं लागतं.

नोमाननं समुद्र पाह्यलेलाच न्हाई. गेल्या ईदला शिरखुर्मा पिताना ठरलं, जायचं तर दोघांनी. फळी तो बनवणार. डिझाईन माझं: माझ्या उंचीपेक्षा वीतभर लांब.

९ नोव्हेंबर, रविवार

प्रीतीच्या मामांच्या शेतावर. पुंजाराममामांची परतूर रोडला मोसंबीची बाग आहे, अर्ध्या तासाचा रस्ता. बागेला शेततळं आहे, काठोकाठ भरलेलं, आत काळा प्लास्टिकचा कागद. समुद्राची सगळी मूलतत्त्वं हजर: पाणी, वारा, खोली. मीठ तेवढं न्हाई.

फळी दिसायला एक नंबर. वरून मरून रेक्झिन, कडेनं पांढरी पाइपिंग, आतून नोमानचा सगळ्यात महागाचा फोम. पाण्यात टाकली, मी पोटावर झोपलो. फळी पाणी प्यायला लागली. पितच राह्यली. नोमान काठावरून म्हणाला, अरे, हा तर स्पंज आहे. वीस वर्षं फोममध्ये हात घालून बसलाय आणि हे त्याला आज कळलं! बाहेर काढायला मामांचा बैल लागला.

काठाचा कागद भलता निसरडा. पाय ठेवला की गेला. मी दोनदा आवाज दिला. प्रीती म्हणती ओरडलात. आवाज देणं आणि ओरडणं यात फरक असतो.

फसवणूक क्रमांक एक: फोम.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुसरी फळी थर्माकोलची. नोमाननं रेक्झिन चिकटवायला नेहमीचं सोल्युशन लावलं. सोल्युशननं थर्माकोल खाल्ला. सकाळी कव्हर उघडलं तर आत मुरमुरे. नोमान हसत बसला. मला हसू आलं न्हाई. फसवणूक क्रमांक दोन.

दिवस वाया घालवला न्हाई. सर्फिंगचे शंभर व्हिडिओ पाह्यले. त्र्याण्णवमध्ये माणूस उभा राह्यला. म्हणजे माझी उभं राहायची शक्यता त्र्याण्णव टक्के. लॉट पास.

बेटाचा कायदाही लिहून काढला. तिथं एका लाटेवर एकच माणूस. जो आधी उभा राह्यला त्याची लाट. दुसऱ्यानं मध्ये घुसायचं न्हाई. घुसला तर त्याच्याशी गावात कुणी बोलत न्हाई म्हणे. मला हे फार आवडलं. आपल्याकडं रिक्षा स्टँडलासुद्धा असा कायदा न्हाई.

२३ नोव्हेंबर, रविवार

ऐतिहासिक दिवस.

तिसरी फळी: थर्माकोल, वरखाली प्लाय, फेव्हिकॉल. तरंगली. योजना माझी: मामांनी बांधावरून ट्रॅक्टर चालवायचा, मागं लांब दोर, दोराचं टोक फळीवरच्या माणसाच्या हातात. पहिला मान अर्थात माझा.

दोन सेकंद उभा राह्यलो. (नोमान म्हणतो उभा न्हाई, उठत होतास.) नंतर पडलो. दोर सोडायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मामा ट्रॅक्टर चालवताना मागं पाहत न्हाईत. सगळं तळं मी पाण्याखालून पार केलं. सर्फिंगमध्ये याला वेगळं नाव आहे, मोठ्या मोठ्या लोकांना होतं ते. नोमाननं उडी मारून काढलं. तो लहानपणी विहिरीत पोहायला शिकलाय, त्याला काय.

मंग नोमान गेला. ऊन डोळ्यावर येत होतं म्हणून माझी टोपी दिली. त्याच्या बायकोनं, गजालाभाभीनं, सीटच्या उरलेल्या मरून कापडाची शिवलेली हाफपँट, तिलाही पांढरी पाइपिंग. मी बांधावरून ओरडलो गुडघे वाकव, त्यानं वाकवले, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत उभा! चौदा सेकंद! मामांनी पहिल्यांदा मागं पाह्यलं आणि ट्रॅक्टर मोसंबीत घातला. मी सगळं शूट केलं. कोचिंग किती महत्त्वाचं ते आज सिद्ध झालं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

व्हिडिओ ग्रुपवर टाकला. टोपीमुळं चेहरा दिसत न्हाई, पण अंगस्थिती स्वच्छ दिसती. खाली लिहिलं, 'मी, जालना.' 'माझ्या मार्गदर्शनाखाली माझा मित्र नोमान' हे फार लांब होत होतं. ग्रुपवर थोडक्यात लिहावं लागतं.

एकसष्ट अंगठे.

१ डिसेंबर, सोमवार. दुपारी २, लॅबच्या बाथरूममधून

मीनाचा मेसेज!! फेब्रुवारीत बेटावर सर्फ वीक. समुद्र नसलेल्या गावातला एक माणूस ते दरवर्षी बोलावतात. राहणं-जेवण क्लबकडं. यंदा सगळ्यांनी एकमतानं जालना म्हणलं. ती म्हणती, समुद्र नसताना एवढा तोल कुठून आला, आमच्या पोरांना दाखवायला या. पहिल्या दिवशी दोनशे मीटर पोहून दाखवायचं, तेवढी एक फॉर्मॅलिटी.

मका, लॉट नंबर चौदा: दाणे मोजताना तीनदा चुकलो. पास करून टाकला.

२ डिसेंबर, मंगळवार

नोमानला अजून सांगितलं न्हाई. विचार केला. जागा एकच आहे. सांगितलं तर तो म्हणणार, धम्मू तूच जा. म्हणजे शेवट तोच. मंग मधली बातचीत कशाला? शिवाय लग्नसराई आहे, त्याच्या दुकानात टेम्पोची रांग. कामाच्या माणसाला डिस्टर्ब करू नये.

रजेचा अर्ज टाकला. कारण: राष्ट्रीय कार्य.

७ डिसेंबर, रविवार

घरातून दगा. प्रीतीनं मामांना फोन करून सांगितलं, ह्यांना पोहायला शिकवा. शेतावर गेलो तर मामा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन उभे. झाकण डांबरानं बंद केलेलं. म्हणे, जावईबापू, वळा. पाठीला बांधला. गावातली सात वर्षांची पोरं अशी शिकतात. मी म्हणलो मामा, मी अंदमानचा निमंत्रित आहे. मामा म्हणाले, तिथं डबा मिळंल न मिळंल, इथं बांधून घ्या.

नोमानही आल्ता. विचारत होता एकदम काय घाई सुटली. म्हणलो, डॉक्टरनं व्यायाम सांगितला. तो खूश झाला. दोन तास माझ्या पोटाखाली हात धरून पाण्यात उभा होता, ओठ निळे पडले तरी. मध्ये मध्ये म्हणत होता, हात सोडू का? मी म्हणायचो, नको. तो सोडायचा न्हाई. त्याला यात काय मिळतं कळत न्हाई.

१४ डिसेंबर, रविवार

प्रगती. डब्यासकट: अकरा हात. डब्याशिवाय: अजून आकडा न्हाई. पण समुद्राच्या पाण्यात मीठ असतं, मिठानं माणूस तरंगतो, म्हणजे माझ्या अकरा हातांचे तिथं आपोआप दोनशे मीटर होतात. दोन वेगळ्या पद्धतीनं काढून पाह्यलं, बराबर येतं.

सर्दी. दोन दिवस सराव बंद.

२० डिसेंबर, शनिवार

आमच्या कॉलनीत काकासाहेब म्हणून गृहस्थ आहेत. कुणाचं काहीही झालं की ते चौकात फ्लेक्स लावतात, आणि त्यात त्यांचा फोटो सगळ्यात मोठा असतो. माझ्या रजेची बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली माहीत न्हाई. (मी सांगितली.) व्हिडिओतला एक फोटोही मागितला. दिला.

संध्याकाळी फ्लेक्स लागला. दहा बाय आठ! 'सर्फिंगसाठी अंदमान येथे निवड झाल्याबद्दल समुद्रवीर धम्मपाल यांचे हार्दिक अभिनंदन'. मध्ये मी लाटेवर. फ्लेक्सवाल्यानं तळ्याच्या जागी निळा समुद्र घातला, मागं दोन डॉल्फिन, आणि टोपीच्या खाली माझा पासपोर्टचा चेहरा बसवला. चेहरा जरा समोर पाहतो आणि शरीर बाजूला, पण लांबून कळत न्हाई.

शाल, नारळ, चार भाषणं. मीही बोललो. डोळे भरून आले. प्रीती टाळ्या वाजवत नव्हती. घरी म्हणाली, ही हाफपँट तुमची न्हाई. म्हणलो, तू हाफपँट पाहती, मी क्षितिज पाहतो.

२१ डिसेंबर, रविवार. सकाळी ११

नोमान येऊन गेला.

चौकातून चालला होता, रिक्षात सीटा घेऊन. वर पाह्यलं तर स्वतःची हाफपँट. आधी हसत आला. म्हणे अबे, माझ्या पायावर तुझं डोकं, प्रीतीभाभीला दाखव. मंग म्हणे, पण निवड कधी झाली? मी म्हणलो, एक तारखेला. म्हणे, आज एकवीस. म्हणलो, सरप्राइज होतं. तो म्हणे, कुणाला?

मी त्याला शांतपणे समजावलं की कोच आणि खेळाडू ही एकच गोष्ट असती, क्रिकेटमध्येही असंच असतं. तो ऐकून घेत होता. प्रीतीनं चहा आणला, तो कपात तसाच ठेवून गेला. वीस वर्षांत त्यानं आमच्याकडं चहा सोडलेला न्हाई.

एवढ्या तेवढ्यावरून माणसं फुगतात. मनाला लावून घेणार न्हाई. जेवण गेलं न्हाई, पण ते वांग्यामुळं.

२३ डिसेंबर, मंगळवार

गद्दार! गद्दार! गद्दार!

ग्रुपची लिंक मीच त्याला दिवाळीत दिल्ती. आज तो आत आला आणि एक ओळ टाकली: वीडियो में मैं हूँ, नोमान, जालना. खाली नवीन व्हिडिओ. टोपी न्हाई, चेहरा समोर, तीच हाफपँट, मामांचा ट्रॅक्टर, मामा मागं पाहतायत. म्हणजे मामाही सामील! माझे स्वतःचे मामेसासरे!

लहानपणी ह्याच्यासाठी मी गुरुजींचा मार खाल्लाय. (त्यानं माझ्यासाठी जास्त खाल्ला, पण मुद्दा तो न्हाई.) माझा ग्रुप. माझी लाट. बेटाच्या कायद्यात मध्ये घुसणाऱ्याशी कुणी बोलत न्हाई. मीही बोलणार न्हाई. आजपासून जुन्या जालन्याचा रस्ता बंद.

मीनाचा मेसेज आला, भाई ये क्या है. पाह्यला न्हाई असं दाखवलं.

२८ डिसेंबर, रविवार. दुपारी १

मीनानं जागा नोमानला दिली.

आणि नोमान घरी आला. मी बोलणार नव्हतो, म्हणून तोच बोलला. म्हणे, मीनाशी फोन झाला. तिथल्या खोलीत दोन खाटा आहेत. मी तिला म्हणलं, धम्मू आला तर कोच म्हणून राहू दे, तिनं हो म्हणलंय. अट एकच, ग्रुपवर तू स्वतः एक ओळ लिहायची की व्हिडिओत नोमान होता. अठरा जानेवारीपर्यंत, मंग नावं पक्की होतात.

मी बेटाचा कायदा काढला. म्हणलो, लाट माझी होती. तो म्हणे, फळीवर कोण उभं होतं ते तूच सांग. आवाज चढवला न्हाई त्यानं. चढवला असता तर मला बोलता आलं असतं.

जाताना म्हणे, एकट्यानं जायला मजा न्हाई यार, एक ओळ तर आहे, लिहून टाक.

मला अट घालतो! सीटा शिवणारा माणूस मला अटी घालून राह्यला!

५ जानेवारी २०२६, सोमवार

ओळ लिहिली. 'व्हिडिओतील देह नोमान यांचा असून त्यामागील दृष्टी माझी आहे.' प्रीतीला दाखवली. ती म्हणाली, माझ्या वर्गातली पोरं यापेक्षा सरळ माफी मागतात. म्हणलो, ही माफी न्हाईच. म्हणाली, तेच.

१० जानेवारी, शनिवार

मसुदा नऊ: 'सदर प्रकरणी काही गैरसमज पसरले आहेत.' बरा आहे, पण कुणी पसरवले असं विचारतील.

चौकातून जातो तेव्हा वर फ्लेक्सवरचा मी पाहतो. ओळ लिहिली तर तो उतरवावा लागेल. काकासाहेबांचा केवढा अपमान होईल. मी स्वतःचा विचार करणारा माणूस न्हाई.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. प्रीती तिळगुळाचा डबा घेऊन नोमानकडं जाऊन आली. मला न विचारता. गजालाभाभी म्हणाली म्हणे, हे रोज सहाला दुकानाबाहेर एक स्टूल काढून ठेवतात, मंग आत घेतात.

उगाच माणसाला पेचात पकडायचे धंदे.

१८ जानेवारी, रविवार. रात्री ९

शेवटची तारीख. दिवसभर मोबाईल हातात. मसुदा तेवीस खरोखर चांगला जमला होता. साधा. 'व्हिडिओत नोमान होता. मी खोटं लिहिलं.' अंगठा पाठवायच्या बटणावर ठेवला.

पुसलं. लिहिलं, 'उद्या लाट दीड मीटर, वारा दक्षिणेचा.' ते पाठवलं.

एकही अंगठा आला न्हाई. ग्रुपवर जहाज आलं का, अंडी आली का, एवढंच चालू होतं. ह्या बेटावरच्या लोकांना समुद्रात रस उरलेला न्हाई.

८ फेब्रुवारी, रविवार

नोमान सकाळच्या गाडीनं गेला. प्रीती स्टेशनला गेल्ती. म्हणाली, फळीला गजालाभाभीनं गोधडीचं कव्हर शिवलंय, डब्यात चढवायला सहा माणसं लागली, तो खिडकीतून कुणाला तरी शोधत होता.

माझा प्रॉब्लेम निराळा. रजा मंजूर. फ्लेक्स चौकात. कॉलनीच्या हिशेबानं मी आज अंदमानला निघालो. काकासाहेबांनी पेढा भरवला, नारळ फोडला, रिक्षात बसवलं. रिक्षा स्टेशनपर्यंत नेली, दुसऱ्या रिक्षानं मामांकडं आलो. बारा दिवस इथंच. प्रीती म्हणाली, मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार न्हाई. एवढ्या वर्षांचा संसार, आणि वेळेला ही अशी.

मामांनी काही विचारलं न्हाई. फक्त म्हणाले, दोन टायमाला पाणी द्यायचंय, आलाच आहात तर.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मोसंबीला पाणी दिलं. शेततळ्याच्या काठावर बसलो. लाट शून्य.

ग्रुपवर व्हिडिओ. नोमान दोनशे मीटर पोहला, पोरं काठानं पळत ओरडून राह्यलीत. मंग समुद्रात. सहा वेळा पडला. बघून बरं वाटलं. सातव्यांदा उभा राह्यला. मीनानं बाकीच्यांनी थांबा म्हणून लाल बावटा वर केला. आजूबाजूच्या फळ्यांवरची माणसं बाजूला झाली, ती लाट त्याला सोडली सगळ्यांनी. हसत होता तो, लहान पोरासारखा.

मी पाच वेळा पाह्यला. गुडघे नीट वाकले होते.

नंतर त्याचा व्हिडिओ कॉल आला. कट केला. पुन्हा आला. पुन्हा कट. तिसऱ्यांदा मोबाईल मोसंबीच्या बुंध्याशी ठेवून लांब जाऊन उभा राह्यलो. बराच वेळ वाजत होता.

त्याला तिथून मला जळवायचंय, दुसरं काय.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी ग्रुप उघडला तर मला अडतीस मेसेज. सगळे एकच: गेट वेल सून भाई. जल्दी ठीक हो जाओ. एका म्हाताऱ्या माणसानं नारळाच्या झाडाचा फोटो टाकून दुआ लिहिली.

वर जाऊन पाह्यलं. काल रात्री जेवताना कुणीतरी नोमानला माझ्याबद्दल विचारलं म्हणे, तो खोटा व्हिडिओवाला कुठाय. नोमाननं सांगितलं, तसं न्हाई, तो माझा उस्ताद आहे. त्यानंच मला उभं राहायला शिकवलं. येणार होता, पण तब्येत फार बिघडली. म्हणून कॅप्शनमध्येही काहीतरी गडबड झाली.

ह्यानं असं कशाला सांगितलं? मी काय मागितलं होतं का? दुपारपर्यंत राग राग येत होता. कुणावर ते ठरेना.

म्हणजे आता संधी होती. आताच लिहायचं, मी आजारी न्हाई, मी ठणठणीत आहे, तेवीस नंबरचा मसुदा पाठ होता. लिहायला घेतला.

मंग लिहिलं, 'थँक्यू ऑल. आता जरा बरं आहे. डॉक्टर म्हणतात काही दिवस पाण्यापासून लांब राहा.'

बावन्न बदाम आले. नोमाननं अंगठा दिला. फक्त अंगठा.

२१ फेब्रुवारी, शनिवार

घरी. काकासाहेबांनी पुन्हा हार घातला. अंग काळवंडलंय म्हणाले, समुद्राचं ऊन. हो म्हणलो. कसा असतो समुद्र, एकानं विचारलं. म्हणलो, मोठा असतो.

२५ फेब्रुवारी, बुधवार

नोमान सोमवारी परत आलाय. फोन न्हाई. मीही केला न्हाई. मी का करू? सुरुवात कुणी केली?

सहाला सहज जुन्या जालन्यातून गेलो. ज्वारीच्या दुकानापाशी थांबलो, तिथून दिसतं. तो शिवत होता. दोन गिऱ्हाइकं ऐकत बसलेली, तो हातानं लाट दाखवत होता. बाहेर स्टूल नव्हतं.

दुकानदारानं विचारलं किती देऊ. दोन किलो ज्वारी घेऊन आलो. घरी पोतं आहे.

१ मार्च, रविवार. दुपारी ४

ठरवून शेतावर गेलो. रविवारी नोमान येतोच. बोलायचं ठरवलं होतं. काय ते ठरवलं नव्हतं, पण बोलायचं.

अकरापर्यंत बसलो. मामा बागेतून आले, म्हणाले, जावईबापू, नोमानची वाट पाहता का? तो कालच येऊन गेला. मनसोक्त पोहला, फळीही चालवली. विचारत होता, धम्मपाल कोणत्या वारी येतो. मी सांगितलं, रविवारी. तर म्हणाला, मंग मी शनिवारी येत जाईन.

मामांना त्यात काही वावगं वाटलं न्हाई. तळं लहान आहे, एकाला एक दिवस मिळाला तर बरंच, असं म्हणाले. मी म्हणलो, बराबर आहे.

घरी येऊन अंथरुणावर पडलो. प्रीतीनं विचारलं काय होतंय. म्हणलो, तब्येत. तिनं कपाळाला हात लावून पाह्यला. म्हणाली, ताप न्हाई.

म्हणलो, न्हाई, ताप न्हाई.